जिन्यात तुटणारा कॉल : वाय-फाय आणि मोबाईल डेटाच्या मधे अडकलेल्यांसाठी

आमच्या इमारतीतल्या एका काकूंचा मुलगा मेलबर्नला असतो. त्याचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल रोज साडेचारच्या सुमाराला येतो, आणि नेमकी तीच काकूंची भाजीला खाली उतरायची वेळ. तिसऱ्या मजल्यावरून बोलत बोलत निघायच्या, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचा आवाज चिरकायचा, आणि पहिल्या मजल्यावर येईपर्यंत स्क्रीनवर ‘रीकनेक्टिंग’. "या जिन्यातच काहीतरी आहे बघ," हे त्यांचं ठाम मत. सुनेचं मत, फोन जुना झाला.

मी ऑफिसांमधून नेटवर्क बसवण्याची कामं करतो, त्यामुळे इमारतीत कोणाचंही नेट रुसलं की बेल आमच्या घरची वाजते. काकूंचा फोन हातात घेतला, तर तो वर्षाचाही झालेला नव्हता. जिन्यात सिमचा सिग्नल चांगला चार दांड्या. म्हणजे नेट होतं, भरपूर होतं. फोन मात्र घरातल्या वाय-फायचं शेवटचं टोक धरून बसला होता आणि सोडायला तयार नव्हता.

कॉल तुटण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं. सिग्नल नाही म्हणून कॉल पडत नाही. एक नेटवर्क सोडून दुसरं धरायचं, तो क्षण चुकतो म्हणून पडतो. तो कसा सांभाळायचा, ते अगदी पहिल्यापासून सांगतो.

आधी दोन मिनिटं, हे होतं का ते

इंटरनेटवर तुमच्या फोनला एक पत्ता असतो, आयपी अ‍ॅड्रेस. घरच्या वाय-फायवर असताना बाहेरच्या जगाला दिसतो तो तुमच्या राऊटरचा पत्ता. मोबाईल डेटावर गेलात की सिमकार्ड कंपनीने दिलेला वेगळाच. बोलता बोलता वाय-फाय सुटलं की समोरचा अजून जुन्याच पत्त्यावर आवाज पाठवत असतो, आणि तिथे आता कोणी राहत नाही. भाड्याची खोली बदलली आणि पोस्टमनला सांगितलंच नाही, तसं.

यावर पोस्टासारखाच उपाय १९९६ मध्ये कागदावर आला होता. मोबाईल आयपी असं त्याचं नाव. फोनचा एक कायमचा ‘गावचा पत्ता’ ठेवायचा, आणि तिथे आलेली टपाल गावातल्या माणसाने तुम्ही असाल त्या खोलीवर पाठवत राहायची. घरोघरच्या फोनमध्ये ते तसंच्या तसं कधी आलं नाही, पण मोबाईल कंपन्या आपल्या जाळ्याच्या आत साधारण हेच करतात. म्हणून तुम्ही ठाण्याहून दादरला जाताना वाटेत कितीतरी टॉवर बदलतात, तरी डेटाचा पत्ता तोच राहतो आणि चालू कॉलला पत्ताही लागत नाही. टॉवर बदलताना फोन आणि जाळं एकमेकांशी बोलून ठरवतात. घरचं वाय-फाय आणि सिमकार्ड कंपनी यांची मात्र ओळखदेखही नसते. तिथे सगळा भार एकट्या फोनवर.

मग यूट्यूब का अडखळत नाही? कारण ते पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतं. तेवढ्या उसंतीत फोन नवीन नेटवर्क धरतो. समोरासमोरच्या बोलण्यात साठवून ठेवायला काही नसतं, माणूस अजून बोललेलाच नसतो. त्यामुळे खरी परीक्षा कॉलची, ऑनलाइन मीटिंगची आणि पैसे पाठवण्याची. बाकीची काळजी करू नका.

पहिलं काम : मोबाईल डेटा चालूच ठेवा

हसू नका. निम्म्या घरांत इथेच काम संपतं. "घरी वाय-फाय आहे, मग डेटा कशाला जाळायचा" म्हणून लोक घरात शिरल्या शिरल्या मोबाईल डेटा बंद करतात. दोन्ही चालू असले तर फोन आपणहून वाय-फायच वापरतो, डेटा नुसता उभा राहतो. बंद असेल तर दाराबाहेर पडल्यावर धरायला दुसरा हातच नाही.

याचीच एक बहीण आहे. रोज दीड-दोन जीबीचा प्लॅन असतो, पोरांनी दुपारी हॉटस्पॉट लावून तो संपवलेला असतो, आणि संध्याकाळी तुम्ही घराबाहेर पडता तेव्हा डेटा ‘चालू’ दिसतो पण सरकत नाही. बहुतेक प्लॅनमध्ये रोजचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगावर व्हिडिओ कॉल होत नाही. सेटिंग्जशी झटापट करण्याआधी सिमकार्डाच्या अ‍ॅपमध्ये आज किती डेटा उरलाय ते बघा.

दुसरं : कुठे तुटतं ते चालून बघा

एक कॉल लावा (घरातल्याच कोणाला, पण तो माणूस दुसऱ्या नेटवर्कवर असू द्या) आणि नेहमीच्या वाटेने सावकाश चालत जा. हॉल, दार, जिना, गेट. आवाज कुठे चिरकतो, कुठे जातो आणि किती सेकंदांनी परत येतो ते कागदावर लिहा. मग एक गोष्ट बदला आणि पुन्हा चाला. एका वेळी एकच. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारातलं एखादं मोफत अ‍ॅप टाकलंत तर सिग्नल आकड्यात दिसतो. तो डीबीएममध्ये असतो आणि उणे असतो, म्हणजे शून्याच्या जितका जवळ तितका बरा. काकूंच्या घरी हॉलमध्ये उणे ४८ आला, स्वयंपाकघरात उणे ६३, दारात उणे ७४ आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उणे ८५. माझ्या हिशेबाने उणे ६७ पर्यंत कॉल सुखात चालतो, उणे ७५ नंतर रडगाणं सुरू. म्हणजे काकू दारातच धोक्यात यायच्या, आणि फोन पुढची पंधरा-वीस पावलं तेच मेलेलं वाय-फाय ओढत न्यायचा. त्यांच्या जिन्याची बदनामी उगाच झाली होती.

तिसरं : फोनला वेळेवर सोडायला शिकवा

आयफोनमध्ये ‘वाय-फाय असिस्ट’ नावाचं बटण २०१५ साली, आयओएस ९ पासून आलं. सेटिंग्ज, मग मोबाईल डेटाचं पान, आणि तिथे सगळ्या अ‍ॅपची यादी संपेपर्यंत खाली जायचं. वाय-फाय क्षीण झालं की ते आपणहून डेटावर जातं. मुळात चालूच असतं, पण ‘डेटा वाचवा’ असले व्हिडिओ बघून अनेकांनी बंद केलेलं मी पाहिलंय.

सॅमसंगमध्ये कनेक्शन्स, वाय-फाय, वरचे तीन ठिपके, ‘इंटेलिजन्ट वाय-फाय’ आणि त्यात ‘स्विच टू मोबाईल डेटा’. बाकीच्या कंपन्या हेच कलम दर दोन वर्षांनी नव्या नावाने नव्या पानावर टाकतात, त्यामुळे रस्ता पाठ करण्यात अर्थ नाही. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘स्विच’ किंवा ‘असिस्टंट’ टाईप करा, सापडेल.

अँड्रॉइडमध्ये आणखी एक खोलातली सोय आहे, ‘मोबाईल डेटा ऑलवेज अ‍ॅक्टिव्ह’. वाय-फायवर असतानाही ती डेटाची जोडणी उबदार ठेवते, म्हणजे ऐनवेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. अँड्रॉइड ८ पासून ती बहुतेक फोनमध्ये चालूच येते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये असते, आणि ते पान उघडायला ‘अबाऊट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारावी लागते. पण एक सांगतो, काही बँकांची अ‍ॅप डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडायलाच नकार देतात. तेव्हा आधीचे उपाय करूनही अडखळत असेल तरच तिकडे जा, आणि त्या पानावरच्या दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

हे सगळं करूनही व्हॉट्सअ‍ॅप कॉलमध्ये अदलाबदलीच्या वेळी दोन-तीन सेकंदांची शांतता येऊ शकते. ती तेवढी चालवून घ्या. काकूंना मी सांगितलं, "वळणावर तो गप्प झाला तर कट करू नका, तीन आकडे मोजा." त्या आधी लगेच कट करून परत लावायच्या, आणि दुसरी खेपही त्याच मेलेल्या वाय-फायवर जायची.

आणि सर्वात स्वस्त उपाय राहिलाच. महत्त्वाचा कॉल चालू असताना घराबाहेर पडायचंच आहे, तर दारात पोचायच्या आधी, सिग्नल धड असताना, वाय-फाय हाताने बंद करा. धड जोडणीवरून धड जोडणीवर जाणं अ‍ॅपला सोपं जातं.

साधा कॉल असेल तर गोष्ट वेगळी

नंबर फिरवून केलेला कॉल, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा नव्हे, वाय-फायवरूनही करता येतो. आपल्याकडे डिसेंबर २०१९ आणि जानेवारी २०२० मध्ये एअरटेल आणि जिओने हे सुरू केलं. सेटिंग्जमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ शोधा, दोन सिम असतील तर दोन्हींना वेगवेगळं चालू करा. तळमजल्याचे फ्लॅट, जाड भिंतींचे जुने वाडे, जिथे सिमची एकच दांडी येते तिथे याच्यासारखं सुख नाही.

इथे गंमत अशी की बोलत बोलत बाहेर पडलात तर हा कॉल सहसा तुटत नाही. वाय-फाय तुमचं असलं तरी कॉल फिरतो सिमकार्ड कंपनीच्याच यंत्रणेतून, आणि वाय-फायवरून ४जीवर उचलून ठेवण्याचं काम तीच करते. अट एवढीच, की बाहेर ४जी किंवा ५जीवर चालणारा कॉल, म्हणजे व्होल्टीई किंवा त्याचा ५जी भाऊ, उपलब्ध हवा. बाहेर नुसतं २जी असेल तर उचलून ठेवायला जागाच नाही आणि कॉल पडतो. गावाकडे घरात वाय-फाय झकास आणि अंगणात २जी अशी परिस्थिती असेल, तर बोलणं घरातच उरकून घ्या.

घरात दोन राऊटर असतील तर

आता जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे पैसे खर्च करून लोक दुखणं विकत घेतात.

मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून दुसरा राऊटर आणतात. तो आपलं वेगळं नाव घेऊन बसतो, आणि हॉलमधून बेडरूममध्ये गेलं की कॉल तुटतो. आधी रेंज नव्हती, आता रेंज आहे पण चालता येत नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या राऊटरवरून त्या राऊटरवर कधी जायचं हे फोन ठरवतो, राऊटर नाही. अ‍ॅपलने स्वतःच्या फोनबद्दल सांगितलेलं आहे, की सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेला की आयफोन दुसरा राऊटर शोधायला लागतो. अँड्रॉइडचे फोन आपापल्या स्वभावाप्रमाणे, काही त्याहून चिकट. आपण फक्त त्यांना निर्णय सोपा करून द्यायचा.

म्हणून दोन्ही राऊटरना नाव एकच, पासवर्ड एकच, सुरक्षेचा प्रकारही एकच, म्हणजे दोन्हीकडे डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हीकडे डब्ल्यूपीए३. नावात एका स्पेसचा फरक असला तरी फोनला ते परकं घर वाटतं.

त्याहून महत्त्वाचं, दुसरा राऊटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा आणि पहिल्या राऊटरहून येणारी वायर त्याच्या वॅन खाचेत (बाहेरचं इंटरनेट आत येतं ती) न लावता लॅन खाचेत (घरातली यंत्रं जोडतात ती) लावा. असं का? डीएचसीपी म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारा कारकून. दोन कारकून बसले की प्रत्येक जण आपापले पत्ते वाटतो, आणि मग घरातल्या घरात खोली बदलली तरी फोनचा पत्ता बदलतो. पुन्हा तीच पोस्टमनची गोष्ट. नाव-पासवर्ड एक करूनही कॉल तुटतोय म्हणून मला बोलावतात तेव्हा दहातल्या आठ वेळा दुसरा कारकूनच सापडतो.

जागेबद्दल, दुसरा राऊटर रेंज संपते तिथे ठेवू नका. पहिल्याचा सिग्नल साधारण उणे ६५ येतो तिथे ठेवा, म्हणजे दोघांची हद्द थोडी एकमेकांवर येईल. हद्द एकमेकांवर आलीच नाही तर फोन हवेत उडी मारणार. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ आणि ११ यांपैकी दोघांना वेगवेगळे द्या.

नवीनच घेत असाल तर मेश संच घ्या, म्हणजे एकाच जाळ्यासारखे मिळून काम करणारे दोन-तीन राऊटर, ज्यात ८०२.११ के, व्ही आणि आर असं लिहिलेलं असेल. पहिलं अक्षर फोनला शेजारच्या राऊटरांची यादी देतं, दुसरं ‘आता तिकडे जा’ असं सुचवतं, आणि तिसरं नव्या राऊटरवर ओळखपाळख झटपट उरकतं. फक्त ‘आर’ चालू केल्यावर एखादा जुना प्रिंटर नाही तर बल्ब रुसून बसतो. तसं झालं तर ते बंद करा, बाकी दोघं पुरेसे आहेत.

रस्त्यावर, स्टेशनवर

लोकल स्टेशनात शिरते, फोन ओळखीचं स्टेशनचं वाय-फाय बघून त्याला चिकटतो, पण लॉगिन झालेलं नसतं. चालू गाणं बंद, मेसेज लटकलेले. तीस सेकंदांनी गाडी सुटते तेव्हा कुठे तो परत डेटावर येतो. भारतातल्या स्टेशनांवर हे वाय-फाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं. प्लॅटफॉर्मवर बसून गाडीची वाट बघणाऱ्याला ते उपयोगी आहे. धावत्या गाडीतून जाणाऱ्याला ती आडकाठी आहे. एकदा जोडलं असेल तर त्या नावावर दाबून ‘ऑटो कनेक्ट’ बंद करा, आयफोनमध्ये त्याला ‘ऑटो-जॉइन’ म्हणतात. मॉल, कॅफे, दवाखाना, जिथे जिथे कधी ओटीपी टाकून शिरलात त्या सगळ्यांची हीच व्यवस्था लावा.

दोन सिम वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर ‘ऑटो डेटा स्विचिंग’ चालू करून बघा. एकाचा डेटा बसला की दुसऱ्यावर जाता येतं. मात्र दुसऱ्या सिमवर डेटाचा प्लॅन आहे ना, हे आधी बघा. नुसतं जिवंत ठेवलेलं सिम असेल तर उपयोग शून्य.

५जीचा प्रदेश अजून सलग नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडे ते सुरू झालं, शहरांत पसरलं, पण हद्दीवर फोन ५जी-४जी, ४जी-५जी असा झोके घेत राहतो. तासभराची मीटिंग गाडीत बसून करायची असेल तर नेटवर्कचा प्रकार ४जीवर अडकवून टाका. बोलण्यासाठी ४जी रगड होतं.

मुंबईहून पुण्याला निघालात की आणखी एक हद्द लागते, जी नकाशावर दिसत नाही. टेलिकॉमच्या हिशेबात मुंबई हे वेगळं सर्कल आहे, आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. सिग्नलपट्टीत ‘आर’ अक्षर उगवून नेट मेलं, तर सेटिंग्जमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद राहिलंय का ते बघा. देशातल्या देशात त्याला घाबरायचं कारण नाही. परदेशी निघताना मात्र ते आठवणीने बंद करा, नाहीतर बिल बघून चक्कर येईल.

कर्जत-लोणावळ्याच्या घाटात किंवा कोकण रेल्वेच्या बोगद्यांत मात्र काही उपाय नाही. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे डोंगराशी वाद घालण्यात अर्थ नाही. ऐकायचं-बघायचं आधीच उतरवून ठेवा. बोगद्यातून बाहेर आल्यावरही फोन मिनिटभर गोंधळलेला दिसला तर विमान मोड दहा सेकंद लावून काढा. जवळचा टॉवर तो नव्याने शोधतो.

पैसे पाठवताना

गेटवर भाजीवाला उभा आहे, घरच्या वाय-फायची अर्धी दांडी दिसतेय आणि तुम्ही क्यूआर स्कॅन केलात. चक्र फिरतच राहिलं. यासारखी वाईट जागा नाही. स्कॅन करण्याआधी वाय-फाय बंद करा, दोन सेकंद थांबा, मग पैसे पाठवा.

अडकलंच तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. बऱ्याचदा पैसे गेलेले असतात, फक्त उत्तर तुमच्या जुन्या पत्त्यावर हरवलेलं असतं. अ‍ॅप बंद करून उघडा आणि व्यवहारांची यादी बघा. खात्यातून गेले आणि समोर पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे माणसाला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा.

ऑफिसचा व्हीपीएन

वाय-फाय बदललं की व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या जाळ्यात शिरायचा सुरक्षित रस्ता, पडतो आणि पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी, असा ताप असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांना दोन नावं विचारा, वायरगार्ड आणि मोबाईकसह आयकेईव्ही२. दोन्ही पत्ता बदलला तरी जोडणी टिकवून धरतात. तुमच्या हातात इथे विचारण्यापलीकडे फार काही नाही. आम्ही आयटीवाले दहा जणांनी विचारलं की हलतो.

काहीच जमलं नाही तर

शेवटचा उपाय ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’. फोटो, नंबर, मेसेज यांना धक्का लागत नाही. पण साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, म्हणून आधी घरच्या वाय-फायचा पासवर्ड कुठेतरी लिहिलेला आहे याची खात्री करून घ्या. काकूंनी मला छातीठोकपणे सांगितलं होतं, की लिहिलेला आहे, फ्रिजवरच्या कालनिर्णयच्या मागे. होता खरा. मागच्या वर्षीच्या कालनिर्णयच्या.